संवादाच्या शक्यता आणि संवादाचा शेष : यान श्वांकमायेर यांच्या एका लघुचित्रपटाचा विचार

चेक दिग्दर्शक यान श्वांकमायेर यांनी १९८२ साली प्राग येथे निर्माण केलेला ‘मोझ्नोस्ती दियालोगू’ हा लघुचित्रपट सुमारे बारा मिनिटांचा असून त्यात एकही शब्द उच्चारला जात नाही. १९८३ साली बर्लिनच्या चित्रपटमहोत्सवात लघुचित्रपटांसाठी असलेले सुवर्ण अस्वल आणि त्याच वर्षी फ्रान्समधील आनसी येथील ॲनिमेशन-महोत्सवाचे सर्वोच्च पारितोषिक त्यास लाभले. स्वदेशी मात्र त्याचे प्रदर्शन रोखले गेले. चिकणमाती, भाजीपाला, भांडीकुंडी, कागद आणि पेन्सिली यांच्या साहाय्याने, एकेक चौकट स्वतंत्रपणे टिपून, निर्जीव वस्तूंना गती देण्याच्या तंत्राने तो घडविलेला आहे. शब्दहीन असूनही भाषाव्यवहाराविषयी इतके नेमके काही सांगणारी कलाकृती विरळाच म्हणावी लागेल. चित्रपटाच्या व चित्रकलेच्या अभ्यासकांनी तिचा परामर्श घेतलेला आहेच. परंतु भाषाशास्त्राच्या अभ्यासकानेही तिच्याकडे वळावे असे तिच्यात पुष्कळ काही आहे.

या चित्रपटाविषयी रूढ झालेले मत थोडक्यात असे सांगता येईल : माणसांना एकमेकांशी बोलता येत नाही, म्हणून ती एकाकी राहतात, आणि श्वांकमायेर यांनी या असमर्थतेचे भेसूर, हास्यकारक असे चित्र रेखाटले आहे. हे मत सर्वथैव त्याज्य आहे असे नाही. पण पडद्यावर प्रत्यक्ष काय घडते याकडे बारकाईने पाहिले असता ते अपुरे ठरते. चित्रपटाचे तीन भाग आहेत, आणि तिन्ही भागांत दोन पक्ष एकमेकांपर्यंत पोहोचतात. कोणी बहिरा नाही, कोणी पाठ फिरवून बसलेला नाही, कोणाची भाषा दुसऱ्यास अनाकलनीय नाही. उलट संपर्क जेवढा घडावा त्याहून अधिकच घडतो. जो विनाश ओढवतो तो संवाद सुरू होऊ न शकल्यामुळे ओढवत नाही. तो पुरा झाल्यामुळे, शेवटास गेल्यामुळे ओढवतो. या एका भेदावर चित्रपटाचा सगळा अर्थ, त्यातील प्रेमाची व एकाकीपणाची कल्पना आणि त्यातला काळा विनोद हे सर्व अवलंबून आहे.

प्रथम शीर्षकाचा विचार करणे इष्ट होईल. इंग्रजीत हा चित्रपट ‘डायमेन्शन्स ऑफ डायलॉग’ या नावाने ओळखला जातो. ‘डायमेन्शन्स’ म्हणजे परिमाणे, मिती. चेक भाषेतील ‘मोझ्नोस्ती’ या शब्दाचा अर्थ निराळा आहे. तो ‘शक्यता’ असा, आणि अनेकवचनी. मिती ही एखाद्या वस्तूच्या ठायी स्थिर असते. शक्यता मात्र घडावी लागते, आणि एक घडली की दुसऱ्या मावळतात. चित्रपटाची रचना या दुसऱ्या अर्थास धरून आहे : काही मोजक्या वस्तू घ्यावयाच्या, त्यांच्या जुळण्या करावयाच्या, आणि त्या जुळण्या संपेपर्यंत थांबावयाचे नाही. भागांना दिलेल्या पोटशीर्षकांच्या भाषांतरांतही असाच घोटाळा झालेला असून, पहिल्या व तिसऱ्या भागांची इंग्रजी नावे निरनिराळ्या ठिकाणी परस्परांत अदलाबदल केलेली आढळतात. तिसऱ्या भागाचे चेक विशेषण ‘व्हिचेर्पाव्हायीत्सी’ हे आहे. या शब्दाचे दोन अर्थ होतात, ‘सर्व बाजूंनी पूर्ण असा’ आणि ‘थकवून टाकणारा’. एखादे उत्तर जसे या विशेषणास पात्र ठरते तसे एखादे कष्टाचे कामही ठरते. मराठीत या दोहोंना एकत्र बांधणारा शब्द नाही. तथापि ‘निःशेष’ हा शब्द त्याच्या बराच जवळ जातो. शेष न राहणे हा पूर्णतेचा गुण आहे, आणि तोच अंताचाही आहे. ‘शेष’ या कल्पनेकडे दुसऱ्या भागाच्या संदर्भात पुन्हा वळावे लागेल.

पहिल्या भागात तीन प्रकारची मस्तके दिसतात. एक खाद्यपदार्थांचे, दुसरे स्वयंपाकघरातील धातूच्या भांड्यांचे व हत्यारांचे, तिसरे पुस्तके, कागद व लेखनसाहित्याचे. पाठीमागे जुझेप्पे आर्चिंबोल्दो हा सोळाव्या शतकातील इटालियन चित्रकार उभा आहे, हे सांगावयास नको. फळांची व भाज्यांची मानवी मुखे रंगविणारा हा चित्रकार सम्राट दुसरा रुडॉल्फ याच्या पदरी होता, आणि रुडॉल्फने आपली राजधानी प्रागला नेल्यामुळे त्या नगरीच्या कलापरंपरेत त्याला कायमचे स्थान मिळाले. श्वांकमायेर यांनी ही मस्तके एका बाजूने दिसतील अशी समोरासमोर आणली आहेत. धातूचे मस्तक खाद्याच्या मस्तकाला गिळते, त्याचे आतल्या आत तुकडे करते आणि ते ओकून टाकते. कागदाचे मस्तक धातूच्या मस्तकाची तीच गत करते. मग खाद्याचे मस्तक कागदाच्या मस्तकाला गिळते. मुलांच्या ‘दगड, कागद, कात्री’ या खेळाप्रमाणे येथे कोणीच अंतिम विजेता नाही. प्रत्येक फेरीनंतर मस्तकातील घटक अधिकाधिक बारीक होत जातात. बटाटा बटाटा म्हणून, चमचा चमचा म्हणून ओळखू येईनासा होतो. लगदा होतो, त्या लगद्याला मानवी आकार येतो, आणि शेवटी गुळगुळीत मातीचे, निर्दोष नाकडोळ्यांचे एक मस्तक आपल्यासारखेच दुसरे मस्तक ओकते, ते तिसरे ओकते, आणि हा क्रम पुढे चालू राहतो.

हा भाग सर्वांत अधिक वाखाणला गेला आहे, आणि तो तिघांत सर्वांत सुबोध आहे यात शंका नाही. तेच त्याचे न्यूनही आहे. दोन फेऱ्या पाहिल्यावर तिसरी कशी होईल हे प्रेक्षकास कळून चुकते, आणि पुढचा वेळ तो कारागिरीचे कौतुक करण्यात घालवतो. परंतु शेवटची कलाटणी विचारात घेण्यासारखी आहे. प्रत्येक फेरीत मस्तक अधिक ‘मानवी’ होत जाते. गिळणे व ओकणे या क्रियांनी ओबडधोबड वस्तूंचे ढीग नाहीसे होऊन त्यांच्या जागी सुरेख चेहरा येतो. संस्कृती, शिक्षण, परस्परांच्या मतांचे आदानप्रदान यांविषयी एरवी जे गौरवाने बोलले जाते तेच येथे अक्षरशः घडून आले आहे. एकाने दुसऱ्याला पुरतेपणी आत्मसात केले आहे. फक्त ‘आत्मसात करणे’ या क्रियापदातला आत्मा दिग्दर्शकाने पोटाच्या ठिकाणी आणून ठेवला आहे. आणि फलश्रुती काय, तर बोलावयास कोणी उरलेला नाही. समोर दिसते ते आपलेच मुख. त्या शेवटच्या मस्तकाएवढे एकाकी असे चित्रपटात दुसरे काही नाही, आणि ते एकाकी आहे ते सभोवती गर्दी असताना.

आपल्याकडे ‘संवाद’ या शब्दाला जो इतिहास आहे तो येथे उपयोगी पडतो. नाट्यशास्त्राच्या अठ्ठाविसाव्या अध्यायात भरताने वादी, संवादी, अनुवादी व विवादी असे स्वरांचे चार प्रकार सांगितले आहेत. ज्या दोन स्वरांत नऊ अथवा तेरा श्रुतींचे अंतर असते ते परस्परांचे संवादी होत. याउलट ऋषभ व गांधार, किंवा धैवत व निषाद, यांसारखे केवळ दोन श्रुतींनी विलग असलेले, अगदी खेटून बसलेले स्वर विवादी होत. शास्त्रकाराच्या दृष्टीने संवादाला अंतर लागते, आणि ते अंतर थोडेथोडके नव्हे, बावीस श्रुतींच्या सप्तकात चांगले नऊ किंवा तेरा श्रुतींचे. आज ‘संवाद’ म्हणजे जवळ येणे, एकमत होणे, ‘सुसंवाद’ असा जो अर्थ व्यवहारात चालतो त्यात ही अंतराची अट पार पुसली गेली आहे. श्वांकमायेर यांना भरत ठाऊक असावा असे सुचविण्याचा येथे हेतू नाही. पण भरताची ही परिभाषा ज्याच्या कानात आहे अशा वाचकाला पहिल्या भागातील शोकांतिका कोठे आहे हे चटकन दिसेल.

दुसरा भाग हा चित्रपटाचा गाभा होय. मातीचा एक पुरुष व मातीची एक स्त्री, दोघेही विवस्त्र, एका टेबलाशी समोरासमोर बसले आहेत. ती एकमेकांकडे पाहतात, हात हातात घेतात, चुंबन घेतात. आणि स्पर्श होताच देहांच्या सीमा विरघळू लागतात. हात कोठे संपतो आणि खांदा कोठे सुरू होतो हे कळेनासे होते. त्या एकवटलेल्या, हेलकावणाऱ्या मातीतून मधूनच एखादा हात, एखादा चेहरा वर येतो व पुन्हा बुडतो. पडद्यावरील शृंगाराची चित्रे विपुल आहेत, पण मिलन या शब्दाचा वाच्यार्थ इतक्या सरळपणे दाखविण्याचे धैर्य फारच थोड्यांनी केले आहे. येथे विनोद नाही. हा सबंध चित्रपटातील एकमेव निर्मळ आनंदाचा क्षण आहे, आणि दिग्दर्शकाने त्याची चेष्टा केलेली नाही हे आवर्जून नोंदविले पाहिजे.

मग ती दोघे पुन्हा विलग होतात. प्रत्येकाला आपापला देह जसाच्या तसा परत मिळतो. पुरुषाच्या अंगात काही न्यून नाही, स्त्रीच्या अंगात काही न्यून नाही. तरीही टेबलावर मातीचा एक लहानसा गोळा उरलेला असतो. भागाकार पुरा झाला आणि बाकी राहिली, असा हा प्रकार आहे. गोळा हलतो, तो आपल्यापरीने जवळ येऊ पाहतो, एक त्याला दूर सारतो, दुसराही दूर सारतो. मग त्याच गोळ्याचे अस्त्र होते, तो एकाने दुसऱ्याच्या तोंडावर फेकावयाचा. झटापट सुरू होते. ज्या हातांनी मघाशी एकमेकांना कुरवाळले तेच आता ओरबाडतात, आणि अखेरीस दोघांचीही खदखदणारी माती होऊन जाते.

गोळा म्हणजे अपत्य, असा अर्थ बहुतेक लावला जातो आणि तो लागतोही. पण तो एवढाच अर्थ असता तर हा भाग कौटुंबिक बोधकथा झाला असता. अपत्य असो, आठवण असो, एकमेकांना दिलेले वचन असो, या सर्वांचे लक्षण एकच आहे : ते दोघांच्या संबंधातून निर्माण होते, पण दोघांपैकी एकाचेही नसते. भाषेच्या अभ्यासकाला याची ओळख असावयास हवी. दोन व्यक्तींच्या बोलण्यातून जो अर्थ तयार होतो तो वक्त्याच्या मनात आधी जसा होता तसा राहत नाही, आणि श्रोत्याच्या मनात पूर्वीपासून होता असेही म्हणता येत नाही. तो त्या दोघांच्या मध्ये, टेबलावर, असतो. त्याला सांभाळावयाचे तर आपण आता पूर्वीचे राहिलो नाही, एवढे मान्य करावे लागते. या चित्रपटातील प्रेमिकांना मिलन हवे होते, आणि ते झाल्यावर आपला मूळचा देह बिनबोभाट परतही हवा होता. दोन्ही गोष्टी त्यांना मिळाल्या. उरलेल्या गोळ्याची व्यवस्था मात्र त्यांच्या हिशेबात नव्हती. पहिल्या भागातील मस्तकांना भेद राखता आला नाही, येथे भेद राखला गेला आणि शेष नाकारला गेला. फळ दोहोंचे सारखेच, लगदा.

मराठीत या प्रसंगाचे व्याकरण फार नेमकेपणाने मांडता येते. ‘तो तिच्याशी बोलला’ आणि ‘तो तिला बोलला’ या दोन वाक्यांत क्रियापद एकच आहे. बदलला आहे तो केवळ प्रत्यय. पण प्रमाण मराठीत पहिल्या वाक्यात संभाषण आहे आणि दुसऱ्या वाक्यात, विशेषतः ‘खूप’, ‘नाही नाही ते’ असे एखादे पद जोडले असता, दोष देणे आहे. ‘शी’ हा प्रत्यय दोघांना एका पातळीवर, एकमेकांलगत उभे करतो. ‘ला’ एकाला दुसऱ्याच्या क्रियेचे लक्ष्य करतो. भांडण हे संभाषणाच्या अभावी होते असा समज आहे. मराठीचा अनुभव सांगतो की भांडण हेही बोलणेच असून त्यात फक्त विभक्ती पालटलेली असते. श्वांकमायेर यांच्या मातीत हा पालट डोळ्यांदेखत घडतो. कुरवाळणे व ओरबाडणे यांत हालचाल तीच आहे, माती तीच आहे, बोटेही तीच आहेत.

या बोटांविषयी थोडे विषयांतर क्षम्य ठरावे. श्वांकमायेर हे १९७० साली चेकोस्लोव्हाकियातील अतिवास्तववादी मंडळात दाखल झाले; त्यांच्या पत्नी, चित्रकर्त्री एव्हा श्वांकमायेरोव्हा (१९४०–२००५) यांचीही त्या मंडळात वाटचाल झाली. मंडळाचे तात्त्विक नेतृत्व त्या काळी व्रातिस्लाव्ह एफेनबेर्गर यांच्याकडे होते. सत्तरच्या दशकात काही वर्षे श्वांकमायेर यांना चित्रपटनिर्मितीपासून दूर राहावे लागले, आणि त्या सक्तीच्या विश्रांतीत त्यांनी स्पर्शेंद्रियाविषयी अनेक प्रयोग केले. डोळ्यांनी पाहावयाची नव्हे, हातांनी चाचपावयाची अशी वस्तुशिल्पे त्यांनी बनविली. प्रस्तुत चित्रपट या प्रयोगांनंतरचा आहे. म्हणूनच त्यातील माती पडद्यावर दिसते त्याहून अधिक हाताला जाणवते. तिच्यावर घडविणाऱ्याच्या बोटांचे ठसे राहू दिले आहेत. यान क्लुसाक यांचे संगीत आणि वस्तूंचे आवाज, म्हणजे चिरडणे, खरडणे, ओले काहीतरी आपटणे, हे या स्पर्शाला दुजोरा देतात. सफाईदार ॲनिमेशनची सवय झालेल्या प्रेक्षकाला हे आवाज प्रथम किळसवाणे वाटतात, आणि ते तसे वाटावेत हाच हेतू दिसतो.

तिसऱ्या भागात हास्यरस परत येतो, आणि या वेळी तो अधिक कोरडा आहे. मातीची दोन वयस्क मस्तके टेबलावर समोरासमोर आहेत. एकाच्या मुखातून टूथब्रश बाहेर येतो, दुसऱ्याच्या मुखातून टूथपेस्ट. पेस्ट ब्रशवर पडते. पाव आला की लोणी येते, बूट आला की नाडी, पेन्सिल आली की शार्पनर. सारे सुरळीत चालले आहे. १९७३ साली इमॅन्युएल शेग्लॉफ व हार्वी सॅक्स यांनी संभाषणाच्या अभ्यासात ‘संलग्न उक्तियुग्मा’ची जी कल्पना मांडली तिचे याहून चांगले प्रात्यक्षिक वर्गात दाखविता येणार नाही. प्रश्न आला की उत्तर, नमस्कार आला की प्रतिनमस्कार, आमंत्रण आले की होकार वा नकार. युग्मातील पहिली उक्ती दुसरीसाठी एक रिकामी जागा निर्माण करते, आणि त्या जागी जे येईल ते तिच्याच संदर्भात वाचले जाते. येथील वस्तूही तशाच आहेत. नाडीला अर्थ आहे तो बुटाला नाडी ओवावयाची भोके आहेत म्हणून.

मग क्रम चुकतो. कोणी मुद्दाम खोडी काढलेली नाही. दोन्ही मस्तके पूर्वीइतक्याच तत्परतेने आपापली वस्तू पुढे करीत आहेत. परंतु आता शार्पनर अशा वस्तूला तासतो जी पेन्सिल नाही, लोणी अशा पृष्ठावर फासले जाते जो पाव नाही, नाडी अशा वस्तूभोवती आवळली जाते जिला भोके नाहीत. आठ वस्तूंच्या परस्परांशी अठ्ठावीस जोड्या होऊ शकतात. त्यांपैकी उपयोगाच्या चारच. व्यवहारातील संभाषण या चार जोड्यांच्या भरवशावर चालते आणि उरलेल्या चोवीस शक्यतांचा त्याला विसर पडलेला असतो. श्वांकमायेर त्या चोवीसांचे दार उघडतात. खोलीत चिखल व चुरा साचत जातो, आणि मस्तके तडकलेली, जिभा बाहेर पडलेली, धापा टाकीत उरतात.

या भागाचा मार्मिकपणा असा की, एकदा बिघडल्यावरही दोघांपैकी एकही थांबत नाही. प्रत्येकाची सेवा प्रामाणिक आहे. शार्पनर देणाऱ्याने उत्तम शार्पनर दिलेला आहे. दोष द्यावयाचा तर कोणाला द्यावा? दीर्घकाळ एकत्र राहिलेल्या माणसांत जो एकाकीपणा येतो तो पुष्कळदा याच जातीचा असतो. एकमेकांच्या गरजा त्यांना तोंडपाठ असतात, देण्याची इच्छाही असते, पण जे दिले जाते ते एक पाऊल मागच्या किंवा पुढच्या मागणीचे उत्तर असते. दुसऱ्या भागातील प्रेमिकांची वाट भांडणाने झाली. ही दोन मस्तके भांडत नाहीत. ती एकमेकांना मदत करता करता मोडतात. प्रेक्षक हसतो, आणि कशाला हसलो हे त्याला मागाहून उमगते.

प्रागचा उल्लेख येताच भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्याला दुसरीच परंपरा आठवेल. १९२६ साली विलेम मातेझिउस यांच्या पुढाकाराने तेथे भाषाशास्त्रमंडळ स्थापन झाले. रोमान याकोब्सन व यान मुकार्झोव्स्की हे त्याचे प्रमुख घटक. १९३४ साली, म्हणजे श्वांकमायेर यांच्या जन्मवर्षी, त्याच शहरात कवी व्हीतेझ्स्लाव्ह नेझ्वाल यांच्या पुढाकाराने अतिवास्तववाद्यांचा गट निघाला, आणि या दोन मंडळींत परकेपणा नव्हता. नेझ्वाल व याकोब्सन यांचा स्नेह प्रसिद्ध आहे. मुकार्झोव्स्की यांनी १९४० साली संवाद व एकभाषित यांवर लिहिलेल्या निबंधात संवादाची तीन अंगे दाखविली आहेत : ‘मी’ व ‘तू’ यांचा संबंध, बोलणारे आणि त्यांच्या भोवतालची प्रत्यक्ष परिस्थिती यांचा संबंध, आणि दोन किंवा अधिक अर्थसंदर्भांचे परस्परांत शिरणे व आलटूनपालटून पुढे येणे. चित्रपटाचे तीन भाग या तीन अंगांशी आश्चर्य वाटावे इतके जुळतात. प्रेमिकांच्या भागात ‘मी’ व ‘तू’ यांखेरीज काही नाही. ब्रश-पेस्टच्या भागात हातातल्या कामाची परिस्थिती आहे. आणि पहिल्या भागात खाद्य, धातू व कागद या तीन अर्थसंदर्भांची घुसळण आहे. दिग्दर्शकाने निबंध समोर ठेवून रचना केली असे मानण्याचे कारण नाही. जुळणी लक्षात घ्यावयाची ती एवढ्यासाठी की, जे संदर्भ एकमेकांत शिरतात तेच पुरते एकरूप झाले तर संवादाचे एकभाषित होते, हा निष्कर्ष त्या विवेचनातून आपोआप निघतो, आणि चित्रपटाच्या पहिल्या भागात तो साकार झाला आहे.

राजकीय अर्थाचाही उल्लेख करणे प्राप्त आहे. १९६८ च्या लष्करी आक्रमणानंतरच्या चेकोस्लोव्हाकियात ‘संवाद’ हा शब्द निरुपद्रवी नव्हता. १ जानेवारी १९७७ च्या ‘सनद ७७’ या निवेदनात राज्यसत्तेशी विधायक संवाद करण्याची इच्छा व्यक्त केली होती. तिला उत्तर मिळाले ते चौकश्यांचे व अटकेचे, आणि सनदेचे एक प्रवक्ते, तत्त्वज्ञ यान पातोच्का, हे त्याच वर्षी मार्चमध्ये दीर्घ चौकशीनंतर रुग्णालयात मरण पावले. पाच वर्षांनी त्याच देशात ‘संवादाच्या शक्यता’ या नावाचा चित्रपट निघावा, आणि त्यात एका मस्तकाने दुसऱ्यास गिळून एकसारखी मस्तके ओकावीत, हे सत्ताधीशांच्या डोळ्यांत खुपले नसते तरच नवल. कोणत्या कलेचा प्रतिकार करावयाचा याचा नमुना म्हणून हा चित्रपट पक्षाच्या विचारप्रणालीविषयक समितीस दाखविण्यात आला, असे सांगितले जाते. परंतु हा अर्थ पहिल्या भागापाशीच थांबतो. ज्या राजवटीच्या संदर्भात तो लागतो ती १९८९ साली कोसळली; चित्रपट मात्र जुना झाला नाही, कारण टेबलावरचा गोळा कोणत्याही राजवटीवर अवलंबून नाही.

चित्रपटाविरुद्ध काही म्हणावयाचे झाल्यास ते असे की, त्यातील प्रेमाला भूतकाळ नाही. दोघे टेबलाशी बसलेली दिसतात. ती कोठून आली, यापूर्वी त्यांनी किती टेबले पाहिली, हे काही नाही. बारा मिनिटांच्या तिघांत विभागलेल्या कृतीकडून ही अपेक्षा करणे अन्यायाचे होईल. तरी पण यामुळे शेष नाकारण्याची त्यांची क्रिया स्वभावातून आलेली न वाटता निसर्गनियमासारखी वाटते, आणि शोकाची धार थोडी बोथट होते. शिवाय शक्यता अनेक म्हणावयाच्या आणि तिन्ही वाटा एकाच लगद्याशी नेऊन सोडावयाच्या, यात दिग्दर्शकाचा हट्ट दिसून येतो. १९६४ सालच्या त्यांच्या पहिल्याच चित्रपटात दोन जादूगार आपापली करामत दाखवून झाल्यावर प्रत्येक वेळी एकमेकांशी हस्तांदोलन करतात, आणि शेवटी त्या हस्तांदोलनातच एकमेकांचे अवयव उपटून काढतात. अठरा वर्षांत निष्कर्ष बदललेला नाही. वाढली आहे ती कारणमीमांसा. आणि जादूगारांच्या त्या हातांत नसलेली एक वस्तू येथे आहे, ती म्हणजे आपणहून पुढे सरकणारा, कोणाचाच नसलेला तो गोळा.

भागांचा क्रमही विचारपूर्वक लावलेला दिसतो. प्रेमिकांचा भाग शेवटी ठेवला असता तर प्रेक्षक हळहळत उठला असता. तो मध्ये ठेवल्यामुळे, ती दोघे पार विरघळून गेल्यानंतर, आपल्यापुढे मातीचीच दोन वयस्क मस्तके येतात आणि एक ब्रश पुढे करते, दुसरे त्यावर पेस्ट सोडते. ती माती मघाचीच की दुसरी, हे चित्रपट सांगत नाही.